बाणातला ण

"पाणी देऊ का तुला?" असं धुरपताबाईनं विचारलं आणि प्रीतमचा घास तोंडातल्या तोंडात राहिला. तसं विचारण्यात काही नवल नव्हतं. ऑफिसला निघण्याआधी तो जेवायला बसला की आई समोर भिंतीला टेकून बसते आणि चार घास झाले की पाण्याचं विचारते. परभणीत बिऱ्हाड केल्यापासून हा क्रम कधी मोडला नव्हता. पण आजवर ती पानी विचारत आली होती. आज तिनं पाणी विचारलं. न नळातला आणि ण बाणातला असं शाळेत शिकवतात, त्यातला तो बाणातला ण. तिनं तो जीभ टाळूला लावून, किंचित थांबून, काठोकाठ भरलेलं भांडं उचलावं तसा उच्चारला, आणि त्या श्रमानं तिच्या कपाळावर आठी पडलेली त्यानं पाहिली. साठी उलटलेल्या, शाळेची पायरी कधी न चढलेल्या बाईच्या तोंडात हा ण आला कुठून? "दे," तो म्हणाला. तिनं तांब्या सरकवला आणि म्हणाली, "सावकाश जेवूण घे. भाजी आणखी आहे." जेवूण! त्याला हसू फुटणार होतं. कालपरवापर्यंत ताटातल्या पातळ भाजीला ती कोरड्यास म्हणत होती, तिची आज भाजी झाली होती, आणि न बिचारा जिथं हक्काचा होता तिथूनही हाकलला गेला होता. सवयीनं त्याचा डावा हात खिशातल्या फोनकडं गेला. असं काही ऐकलं की लगेच टिपून ठेवायचं, नाहीतर उडून जातं. पण ती बघत होती. आधी त्याच्या हाताकडं, मग त्याच्या तोंडाकडं. आणि मांजर घरात शिरायच्या आत दुधावर झाकण पडलं की बाईच्या चेहऱ्यावर जे समाधान येतं, ते तिच्या चेहऱ्यावर होतं. हात खिशापाशीच राहिला. मग तो उठला, हात धुतले, गाडीला किक मारली.

रस्ताभर तो ण त्याच्या मागं बसून आला. थंडी होती, उड्डाणपुलावर धुकं रेंगाळलं होतं, आणि उसाच्या ट्रॅक्टरामागं अडकून तो हळूहळू चालला होता. आज शुक्रवार. सोमवारी साहेबांपुढं राजीनामा ठेवायचा, हे त्यानं दिवाळीतच मनाशी पक्कं केलं होतं. आणि ज्या गोष्टीच्या भरवशावर तो नोकरी सोडणार होता ती गोष्ट म्हणजे आईचं बोलणं. ब्लॉगचं नावच मुळी 'माय म्हनती'. सुरुवात तशी चाळा म्हणून झाली होती. पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात कालव्याला पाणी नसतं तेव्हा कामालाही ओल नसते. अशाच एका कोरड्या दुपारी त्यानं 'येरवाळी' या शब्दावर चार ओळी लिहिल्या. येरवाळी म्हणजे वेळेवर. पण घड्याळाच्या वेळेवर नव्हे, ऊन चढायच्या आत, समोरचा माणूस वाट पाहून बेजार व्हायच्या आत. 'येरवाळी ये रे' असं म्हणणारी बाई दारात उभी असते, असं त्यानं लिहिलं. कुणीतरी ते पुढं पाठवलं, त्यांनी आणखी पुढं. मग विस्तवाचा इस्तू आला, भाजीपाल्याचं माळवं आलं, यंदाचं आवंदा आलं. ज्यांनी आपल्या आयांना मोठ्या शहरात नेऊन पहिल्याच आठवड्यात 'इथं असं बोलू नकोस' म्हणून दटावलं होतं, तीच लेकरं लेखाखाली 'डोळे भरून आले' म्हणून लिहू लागली. प्रीतमला ते कळत होतं. कळूनही बरं वाटत होतं. शेवटी पुण्याच्या एका कंपनीचा फोन आला. रोज एक लेख, आठवड्याला आईच्या आवाजात काहीतरी, जाहिराती कंपनी आणणार, पुढं पुस्तक. अट एकच, पूर्ण वेळ द्यायचा. "सर, आईंचा कंटेंट फारच ऑथेंटिक आहे," फोनवरची मुलगी म्हणाली होती, आणि आपली आई म्हणजे कंटेंट, हे ऐकून तो त्या क्षणी दचकलाही नव्हता. त्याला फक्त मोकळं मोकळं वाटलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी त्याचं स्वतःचं होणार होतं.

कारण नोकरी त्याची नव्हती, ती बापाची होती. लिंबाजी याच खात्यात चौकीदार. एका उन्हाळ्यात पाण्याच्या पाळीवर असताना कालव्याच्या काठी बाभळीखाली टेकला तो उठलाच नाही. मग अनुकंपा. सरकारला दया येते ती घरातल्या एकाचीच, आणि ती कुणावर दाखवायची हे घरानं ठरवायचं असतं. पिंगळीच्या शिवारात त्यांचं घर. तेराव्यानंतर सगळे भावकीतले बसले होते. मोठा बजरंग शिपाई म्हणून लागू शकत होता. प्रीतम कॉलेजात होता, तो क्लार्क झाला असता. कुणी काही बोलायच्या आधी बजरंगच म्हणाला, "ह्यालाच लावा. माझं काय, मी कोयत्यावर बी पोट भरीन." मोठ्या भावानं मोठेपणानं बोलायचं असतं तसं तो बोलला होता. बोलाफुलाला गाठ पडली. रान कोरडवाहू, दोन वर्षं ओळीनं काही पिकलं नाही, आणि तेव्हापासून दिवाळी सरली की बजरंग आणि सत्यशीलावहिनी ऊसतोडीला निघतात ते उन्हाळ्यातच माघारी येतात. आत्ताही ते कुठल्याशा कारखान्याच्या हद्दीत, उसाच्या फडाच्या कडेला पाचटाच्या कोपीत होते. प्रीतमची क्लार्कवरून पुढं बढती झाली, टेबल बदललं, खुर्ची बदलली, पण आईच्या लेखी ती बापाचीच जागा. सकाळी निघताना ती म्हणायची, "बापाच्या जागी नीट बस, बाबा." त्यावरही त्यानं लेख लिहिला होता. फार गाजला.

टेबलावर फायली होत्या. त्यानं एक उघडली, एक मिटली, चहा पिऊन झाला. कुणीतरी आईला हसलं असणार, असं त्याच्या मनानं घेतलं, आणि मग तो एकेकाला उभं करून तपासू लागला. शेजारची कडूबाई? ती स्वतःच पानी म्हणणारी. सेलूला बायकोच्या, रेणुकाच्या, चुलतभावाचं लग्न झालं तिथं मात्र काहीतरी घडलं होतं. मांडवात कुणीतरी फोनवर आईचा आवाज लावला, 'इस्तू'वरचा. पाहुण्यांनी गोल केला, वाहवा केली, एक पोरगी ते शब्द तसेच्या तसे म्हणून दाखवायला लागली, आणि सगळे हसले. प्रेमानं हसले. आईही पदर तोंडाला लावून हसली. तिचं ते हसणंही त्यानं टिपून घेतलं होतं. आता ते आठवताना त्याला प्रश्न पडला की पदराआड ती खरंच हसत होती का, हे आपण कुठं पाहिलं? पदर तेवढा पाहिला. ज्या लाजेनं तो स्वतः लहानपणी पोळला होता तीच त्यानं उतारवयात आईच्या पदरात टाकली होती.

वसतिगृहातले पहिले दिवस. गुरुजींनी उभं केलं, विचारलं, काय पाहिजे? "पानी, गुरुजी." वर्ग खदखदला. गुरुजींनी पुन्हा विचारलं, पुन्हा पानी. आणि घशाला कोरड पडलेली असताना त्याला तोवर उभं ठेवलं जोवर बाणातला ण नीट येत नाही. पोरांनी त्याचं नाव पानीवाला ठेवलं. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत तो घरी गेला तेव्हा जीभ तयार झाली होती. चुलीपुढं बसलेल्या आईला तो म्हणाला होता, "पानी नाही, पाणी. म्हण बरं." तिनं म्हणून पाहिलं. न झाला, ल झाला, काहीतरी तिसरंच झालं, आणि ती हसता हसता खोकायला लागली. "आमची जीब तितवर न्हाई पोचत, बाबा. तुझी पोचली, झालं." तिच्या स्वरात अभिमानच होता. त्याच सुट्टीत त्यानं तिला माय म्हणणं सोडून आई म्हणायला सुरुवात केली. तिनं त्यावर कधी काही म्हटलं नाही. हाकेला ओ दिली.

आणि आता तिची जीभ पोचली होती. त्याला तिचे गेले काही महिने आठवायला लागले, आणि गंमत अशी की तिचे शब्द आठवत होते, ती आठवत नव्हती. पावसाळ्यात कधीतरी ती म्हणाली होती, "गुडघं लय ठनकायलेत रे." ठनकणे! दुखणं वेगळं, ठणका वेगळा, आणि हे ठनकणं आणखी वेगळं, यात लोखंडावर घण पडल्याचा नाद आहे, असं त्यानं त्याच दिवशी लिहिलं. शेकड्यांनी लोक बोलले. नाशिकच्या एका डॉक्टरीणबाईंनी खाली तेल आणि व्यायामही सुचवला. प्रीतमनं त्यांचे आभार मानले. आईला मात्र त्यानं डॉक्टरकडं नेलं नाही, तेलही आणलं नाही. लेख झाला तेव्हा गुडघ्यांचं काम त्याच्या मनात झालेलं होतं. आज सकाळी तांब्या सरकवायला ती जमिनीला हात टेकून वाकली होती. ते त्यानं पाहिलं होतं, पण तेव्हा तो ण ऐकत होता. ऑफिसातली माणसं जेवायला उठली, डब्यांची झाकणं वाजली, त्याला कुणीतरी हाक मारली. तो फाईलमधल्या एकाच ओळीकडं बघत बसून राहिला. माणूस समोर बसून दुखतंय म्हणून सांगतो आणि आपण त्याच्या दुखण्याचं व्याकरण बघतो, याला काय म्हणायचं? त्यालाही एखादा शब्द आईकडं असेल, असं त्याच्या मनात आलं आणि स्वतःचीच शिसारी आली.

दिवेलागणीला तो घरी आला तेव्हा आई देवापुढं बसलेली होती. रेणुका गच्चीवर वाळलेले कपडे काढत होती. ती एका खासगी शाळेत मराठी शिकवते, आणि त्यामुळं घरात व्याकरणाची चूक ही फक्त तिनंच काढायची अशी रीत आहे. त्यानं वर जाऊन तिला सरळच विचारलं, आईला कोण काय बोललं?

"कोण कशाला बोलंल?"

"मग ती ण का म्हणते?"

रेणुकानं दांडीवरची चादर ओढली, घडी घातली, मग म्हणाली, "मीच शिकवला. आत्याबाईंनीच सांगितलं होतं, तुम्हाला कळू द्यायचं नाही म्हणून. महिना झाला. तुम्ही निघालात की बसायच्या माझ्यापुढं, मी शाळेला जाईपर्यंत."

"लाज वाटली ना तिला? त्या लग्नात..."

"लाज कसली!" ती म्हणाली. "मोठ्या भाऊजींचा फोन आला होता. तुम्ही नोकरी सोडायलात, हे त्यांच्या कानावर गेलं कुठून तरी. आत्याबाई रडायला लागल्या तर भाऊजी चेष्टेनं म्हणाले, 'माय, तू बोलतीस म्हनून तं ह्याचं दुकान चालायलंय. तूच माल देऊ नको, दुकान आपोआप बंद पडतंय. मंग कशाला सोडतोय नौकरी?' आत्याबाईंनी ते खरंच धरलं. आधी म्हणाल्या, गपच बसते. पण गप बसणं त्यांना कुठलं जमायचं? आणि गप बसलं तर तुम्ही विचारणार. मग मला म्हणाल्या, 'तुझ्या पुस्तकावानी बोलाया शिकीव. पुस्तकातलं तं त्याला ठावं हाय, ते कशाला लिहील?'"

प्रीतम कठड्याला टेकला. खाली गल्लीत गाड्यांचे दिवे लागले होते.

"मी सांगितलं त्यांना, प्रत्येक न चा ण नसतो," रेणुका म्हणाली. तिला हसू आलं आणि ते अर्ध्यातच विझलं. "तर म्हणाल्या, एखांदा सुटून त्याच्या हाती लागण्यापरास समदेच केलेले बरे."

"तू मला सांगायचंस."

"तुम्ही राजीनाम्याचं त्यांना सांगितलं होतं?" तिनं विचारलं. "मी सोडू नका असं कधी म्हटलं नाही. अजूनही म्हणत नाही. पण ज्यांच्या जिवावर सोडणार त्यांना तरी विचारायचं." ती कपडे घेऊन खाली गेली.

दिवसभर त्यानं आईच्या लाजेची एक गोष्ट रचली होती, आणि ती गोष्टही, खरं सांगायचं तर, लिहिण्याजोगी होती. तिचं पहिलं वाक्यसुद्धा त्याला सुचलेलं होतं. प्रत्यक्षात आई लाजली नव्हती. तिनं दार लावून घेतलं होतं. तिच्याजवळ पोराला अडवायला दुसरं काहीच नव्हतं, पैसा नव्हता, कायदा नव्हता, रागावण्याचं वय गेलेलं. जीभ होती, ती तिनं जन्मभराच्या जागेवरून उचलून टाळूला नेऊन टेकवली होती. महिनाभर, रोज सकाळी, सुनेपुढं बसून.

तो खाली आला आणि आईजवळ जाऊन बसला. समई तेवत होती. तिनं त्याच्याकडं पाहिलं आणि रेणुकाकडं पाहिलं, आणि तिला सगळं समजलं.

"तू णोकरी सोडू णको," ती म्हणाली.

त्याला हसू आलं नाही. तिला वाटलं असावं की त्याला नीट कळलं नाही, म्हणून ती सावकाश, एकेक शब्द पारखून बोलायला लागली. "ती तुझ्या बापाची जागा आहे. बजरंगाणं तुझ्यासाठी सोडली. तो तुला बोलूण दाखवणार णाही. पण माझ्या डोळ्यांपुढूण जात णाही." ती थांबली, तिनं ओठ ओले केले. "सत्यशीलाचं लेकरू फडात गेलं. तेव्हा मी तिथं होते. लेकरू णव्हतं आणि तिचा पाण्हा आटत णव्हता. चोळी पिळूण पिळूण वाळत घालायची. मी तुला घरी येऊण सांगितलं. तू मला म्हणालास, पुण्हा एकदा म्हण."

त्याला आठवलं. एवढ्या मोठ्यानं आठवलं की त्यानं दोन्ही हात जमिनीला टेकले. तो म्हणाला होता खरा. फोन पुढं धरून. 'पान्हा'वरचा तो लेख आजवरचा सगळ्यात जास्त वाचला गेलेला, त्यात जमीन होती, ढग होते, आई नावाची नदी होती, सत्यशीलावहिनी नव्हती. लेकरू गेल्याचं त्याला माहीत होतं, तो भेटूनही आला होता, भावाच्या खांद्यावर हातही ठेवला होता. पण आई जे सांगत होती ते त्यानं त्या दिवशी ऐकलंच नव्हतं. ते त्याला आज ऐकू आलं, आणि तेही कदाचित एवढ्यासाठीच की आज तिच्या बोलण्यात टिपण्यासारखं काही उरलं नव्हतं. चोळी दिसली. फडाच्या कडेला दोरीवर वाळणारी, पुन्हा ओली होणारी. त्याच्या घशातून विचित्र आवाज निघाला आणि रेणुका स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"नाही सोडत," तो म्हणाला. "सोमवारी काही देत नाही. त्या पुण्याच्या लोकांना उद्याच कळवतो. ब्लॉगही बंद करतो. तुझी शपथ, आई."

"खरं?"

"खरं."

तिनं समईची वात उगाच पुढं सारली, आणि तिचा चेहरा इतका सैल पडला की तो ओळखू येईना. जे त्याला हवं होतं ते त्याच्या हातून गेलं होतं, पण त्या क्षणी त्याला त्याचं दुःख वाटलं नाही. पुढं वाटणार होतं, आणि जन्मभर. "चला, जेवूण घेऊ," ती म्हणाली आणि जमिनीला हात टेकून उठली. त्यानं तिला दंडाला धरून उठवलं. उद्या डॉक्टरकडं जायचं, तो म्हणाला. तिनं मान हलवली.

ताटं मांडली. आज ती दोघांना वाढायला बसली, रेणुकानं तवा धरला. वाफ येत होती. "आता बोल की पहिल्यासारखं," तो म्हणाला. "आता मी लिहिणार नाही."

"काय बोलू?" तिनं विचारलं. आणि तिनं खरंच काहीतरी शोधलं, ते तिच्या डोळ्यांत दिसलं. पण बोल म्हटल्यावर बोलणं येत नाही, आणि आपण कसे बोलत होतो हे बोलणाऱ्याला कधी माहीत नसतं. ओठ हलले आणि मिटले. तिनं संकोचानं भाजीतला डाव सारखा केला. परक्या घरी जेवायला बोलावल्यासारखी ती स्वतःच्या चुलीपुढं बसली होती. तिला मोकळं वाटावं म्हणून, एवढ्याचसाठी, प्रीतमनं ताट पुढं केलं. वसतिगृहात गेल्यापासून जी हाक त्यानं मारली नव्हती ती मारली. "माय," तो म्हणाला, "उलसं कोरड्यास वाढ की. लय भूक लागलीया बग."

शब्द बरोबर होते. हेलही बरोबर होता, त्यानं तो कितीतरी वेळा ऐकून पक्का केलेला होता. धुरपताबाईचा हात वाढता वाढता थांबला. तिनं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं, आणि तिचे डोळे हळूहळू भरून आले.

"माजी नक्कल करायलास व्हय रं?" ती म्हणाली.

रेणुकाच्या तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. प्रीतमनं काहीतरी म्हणण्यासाठी तोंड उघडलं. त्याला सांगायचं होतं की ही नक्कल नव्हे, ही बोली माझीही होती, मी हिच्यातच पहिल्यांदा रडलो असेन. पण त्यासाठी त्या बोलीत त्याला एकही शब्द सापडेना.

"नाही गं, आई," तो म्हणाला. "नाही."